गेलांग नाल्यातली हाक

"डॉक्टर दीदी, कुठं निघालात?"

अंगरूपनं मागून हाक मारली तेव्हा मी खडक उतरून गेलांग नाल्यातल्या बर्फाच्या ढिगाऱ्यापाशी पोचले होते. छातीला बांधलेलं यंत्र हातात धरलं होतं आणि नजर त्याच्या छोट्या काचेवर होती. काचेत एक बाण, एक मीटरमधल्या अंतराचा आकडा. बाण समोर दाखवत होता, आकडा चाळिसाच्या खाली येत चालला होता आणि यंत्रातून बारीक टूं टूं येत होतं.

"तुम्ही लपवलेलं शोधायला," मी न वळताच म्हणाले. "सापडलं. इकडंच आहे."

"मी अजून लपवलंच नाही."

चेष्टा करतोय असं वाटून मी वळले. अंगरूप खडकावर सॅक उघडून बसला होता. सरावासाठी लपवायचं चौथं यंत्र त्याच्या तळहातावर होतं, बंद. शेजारी माझा धाकटा भाऊ इंद्रजित चहाचा कप धरून उभा होता.

"इंद्रजितचं चालू असेल मग."

"मी आक्का तुझ्यासमोर बंद केलं की," इंद्रजित म्हणाला. त्यानं जॅकेटची चेन खाली ओढून दाखवलं. दिवा लागलेला नव्हता.

माझ्या हातात टूं टूं चालूच होतं.

आम्ही लाहौलमध्ये होतो. एप्रिलचा मध्य. इंद्रजित तेव्हा कोल्हापुरात अग्निशमन दलात होता आणि मी एका इस्पितळात भूल देण्याचं काम करत होते. त्यानं दोन वर्षांपूर्वी गिर्यारोहणाचा कोर्स केला होता आणि अंगरूप तिथं त्याचा शिक्षक होता. वसंतात, रस्ते उघडायच्या आधी, बर्फावरून चालत एक खिंड गाठायची आणि परत यायचं, असा या दोघांचा बेत होता. मी हट्टानं सोबत गेले होते. अंगरूपशी आमचं बोलणं हिंदीत चाले, पण आता आठवतं ते सगळं मराठीतच आठवतं.

वसंतातला बर्फ कसा वागतो हे त्यानं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. रात्रीच्या थंडीनं वरचा थर दगडासारखा घट्ट होतो, त्यावरून पहाटे निर्धास्त चालावं. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा उतार कधी घसरेल ते सांगता येत नाही. म्हणून ऊन वर यायच्या आत उताराखालून निघून जायचं. आणि हे यंत्र, बीकन. चालताना प्रत्येकाचं बीकन 'बोलत' असतं. कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापलं 'ऐकण्या'वर टाकायचं आणि बाणामागून जायचं.

"कोण आहे खाली?" मी विचारलं.

अंगरूप उठून माझ्याजवळ आला. त्यानं आपलं बीकन ऐकण्यावर टाकलं. त्याच्याही काचेत तोच बाण उमटला. इंद्रजितनंही कप खाली ठेवला आणि आपलं चालू केलं. तीन यंत्रं एकाच तालात वाजायला लागली.

त्यावेळी मला पहिल्यांदा जाणवलं की आजूबाजूला दुसरा कसलाही आवाज नाही. सकाळपासून डोक्यावर घिरट्या घालणारे पिवळ्या चोचीचे कावळे कधी निघून गेले होते कुणास ठाऊक. वारा पडला होता. उजव्या हाताला, नाल्याच्या वर, परातीसारखा खोलगट उतार होता. त्याचा अर्धा भाग खरवडल्यासारखा तपकिरी दिसत होता. तोच बर्फ खाली येऊन नाल्यात ढिगारा झाला होता. उरलेला अर्धा पांढराशुभ्र, जागच्या जागी. त्याच्या वरच्या काठाला ऊन लागलं होतं.

"हा ढीग ताजा नाही," अंगरूप ढिगाऱ्यावरची मातकट साय बुटानं उकरत म्हणाला. "चार दिवस तरी झाले असतील. जास्तही."

"खालच्या गावात कुणी हरवल्याचं बोलले नाहीत," मी म्हणाले.

"नाही. या बाजूनं या वर्षी आपणच पहिले."

"मग कोण आहे?"

तो पुन्हा ढिगाऱ्याकडं वाकला. इंद्रजित मात्र फावडं जोडायलाही लागला होता.

"इंद्रजित, थांब," अंगरूप म्हणाला. "यंत्र आठवडाभर बोलत राहतं. माणूस बोलत असेलच असं नाही."

"सर, कोसळलेल्या इमारतीतून मी तिसऱ्या दिवशी बाई काढली आहे. जिवंत. सगळे म्हणत होते कुणी उरलं नाही, मशीन लावून ढिगारा उचला आता."

"सिमेंटमध्ये फटी असतात. बर्फ तोंडात जातो, नाकात जातो. आक्काला विचार."

मला विचारायची गरज नव्हती. श्वास बंद झाल्यावर माणसाकडं किती वेळ असतो हे माझ्या रोजच्या कामाचं. तरी हातातलं ते टूं टूं ऐकत "तो गेला आहे, चला" असं म्हणवत नव्हतं. अंगरूपलाही म्हणवेना. त्यानं वर उताराकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"ऊन उतारावरच्या त्या काळ्या खडकापर्यंत येईपर्यंत," तो म्हणाला. "मग मी सांगेन ते ऐकायचं."

आम्ही बाणामागून गेलो. आकडा दहा झाला, पाच झाला, दोनच्या जवळ येऊन थांबला. अंगरूपनं घडीची लांब सळई सरळ केली आणि बर्फात खुपसायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, हातभर बाजूला सरकून पुन्हा. चौथ्या वेळी सळई अर्धी आत गेली आणि एकदम सैल झाली. त्याचा तोल गेला, इतकी ती अचानक पुढं गेली.

"पोकळी आहे," तो पुटपुटला.

त्यानं सळई बाहेर काढली. त्या भोकातून थंड हवा वर येत होती. मी हात धरून पाहिला. हवा एका दमात येत नव्हती. यायची, थांबायची, पुन्हा यायची. झोपलेल्या माणसांचे श्वास मी आयुष्यभर मोजत आले आहे; माझा हात चटका बसल्यासारखा मागं आला.

"खाली नाला वाहतोय," अंगरूप माझ्याकडं बघत म्हणाला. "पाण्यानं बर्फ आतून पोखरलाय. ती हवा पाण्याची आहे, दीदी."

"हो," मी म्हणाले.

"आक्का," इंद्रजितचा आवाज वेगळाच आला. "आकडा बघ."

आकडा दोनवर नव्हता. तीन झाला होता. आमच्यापैकी कुणी जागचं हललं नव्हतं. आम्ही तिघं पुतळ्यासारखे उभे राहिलो आणि आमच्या डोळ्यांदेखत तिन्ही काचांत तिनाचे साडेतीन झाले, साडेतिनाचे चार. बाण हळूच वळून नाल्याच्या उताराकडं रोखला गेला.

"हलतोय," इंद्रजित म्हणाला. "सर, हलतोय तो. जिवंत आहे!"

"पाणी वाहून नेतंय."

"चार दिवस नेलं नाही आणि आत्ताच नेतंय?"

"ऊन आलंय. पाणी वाढलंय."

इंद्रजितनं ऐकलंच नाही. तो ढिगाऱ्यावर उपडा पडला, त्या भोकाला तोंड लावलं आणि ओरडला, "कोई है? आवाज दो! हम यहाँ हैं!"

आम्ही कान देऊन थांबलो. खाली पाण्याची खळखळ होती. आणि मग, सांगताना मला आजही बरं वाटत नाही, आमच्या पायांखालून एक जड, खोल आवाज आला. 'हुम्फ.' कुणीतरी मोठा निःश्वास टाकावा तसा. ढिगाऱ्याच्या पलीकडचा सगळा पांढरा पृष्ठभाग बोटभर खाली बसला.

इंद्रजितचा चेहरा उजळला. अंगरूपचा पांढरा पडला.

"थर बसला," तो हळू आवाजात म्हणाला. "ही शेवटची सूचना असते. चला. आत्ता."

वर पाहिलं तर ऊन काळ्या खडकाच्या कधीच खाली उतरलं होतं. पांढऱ्या उतारावरून बर्फाचे लहान लहान गोळे आपोआप सुटून घरंगळत येत होते. प्रत्येकामागं एक बारीक रेघ उमटत होती. आवाज काही नाही. फक्त रेघा वाढत होत्या.

"आणि एक," अंगरूप म्हणाला. तो आपल्या यंत्राकडं बघत होता. "आपण तिघंही ऐकतोय. बोलत कुणीच नाही. आत्ता तो उतार आला तर आपल्याला कुणीच शोधू शकणार नाही. एकमेकांनाही नाही. यंत्रं बोलण्यावर टाका."

"बोलण्यावर टाकलं तर त्याचा पत्ता जाईल," इंद्रजित म्हणाला.

"जाऊ दे."

"सर, तुम्ही जा. आक्काला घेऊन जा. मला जरा वेळ द्या. फक्त कुठं थांबतो ते बघतो, खूण करतो आणि येतो."

मी माझ्या यंत्राची कळ फिरवली. टूं टूं बंद झालं. दिवा लाल लुकलुकायला लागला. आता मी बोलत होते.

"इंद्रजित, माझ्याकडं बघ," मी म्हणाले. "मी बंद केलं. मी, डॉक्टर आहे मी. चल."

त्यानं पाहिलं. लहानपणी त्याच्या हातातून काही काढून घेतलं की तो असाच बघायचा. "आक्का, तो हलत होता की गं," तो म्हणाला आणि मान हलवली. "तुम्ही व्हा पुढं. आलोच."

अंगरूपनं माझा दंड धरला आणि मला खडकाकडं नेलं. जवळजवळ ओढतच. खडकावर चढून मी वळले. इंद्रजित आमच्या मागून निघाला नव्हता. तो नाल्याच्या कडेनं खाली चालला होता, यंत्र हातात धरून. ढिगाऱ्याच्या टोकाशी जाऊन तो थांबला. हात वर केला. तिथून एवढासा दिसत होता.

"इथं!" तो ओरडला. "थांबलाय इथं!"

तेवढ्यात वरचा पांढरा अर्धा भाग सुटला.

हिमस्खलन म्हणजे गडगडाट, असं मी समजत होते. ओला बर्फ तसा येत नाही. तो सरकत आला, कालवलेल्या चुन्यासारखा, जड, सावकाश वाटणारा. पण माणूस पळेल त्याच्यापेक्षा वेगानं. खरखर, खरखर असा दळल्याचा आवाज. इंद्रजितनं एकदा वर पाहिलं. दोन उड्या मारल्या. मग तो जिथं होता तिथं पांढरं, ढेकळाढेकळांचं काहीतरी होतं, आणि तेही थांबलं.

मला ओरडल्याचं आठवत नाही. अंगरूपचा आवाज आठवतो. "दीदी, यंत्र ऐकण्यावर. वर बघा आधी. अजून काही लटकतंय का?"

डाव्या कोपऱ्यात अजून एक तुकडा लटकत होता. घराएवढा.

"एकानं इथं थांबून त्याच्यावर नजर ठेवायला हवी," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. मला दोन हात जास्त हवेत. चला."

आम्ही धावलो. गुडघ्याएवढी ओली ढेकळं, पाय अडकायचे, निघायचे. काचेत काहीच नव्हतं. काहीच नाही. आणि मग टूं. बाण. तीस.

"एकच आहे?" अंगरूपनं धापा टाकत विचारलं.

"एकच."

"दोन असायला हवेत." क्षणभर तो थबकला. एक इंद्रजितचं आणि एक खालच्या त्या माणसाचं. "जुना गेला असेल वाहून. हा आपला आहे. चला!"

मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर पाय उचलले नसते. वीस, बारा, सहा. गुडघ्यांवर बसून यंत्र बर्फाला टेकवून इकडून तिकडं फिरवलं. आकडा दोनवर थांबला. सळई खुपसली. तिसऱ्या वेळी ती मऊ कशाला तरी लागून थांबली. ती तिथंच ठेवून आम्ही खणायला लागलो. अंगरूप फोडत होता, मी मागं लोटत होते. ओला बर्फ लोखंडासारखा बसतो. मनात मी मिनिटं मोजत होते आणि ती मोजायची थांबवता येत नव्हती. पंधरा उलटली. वीस. भूल देताना मॉनिटरवरचा आकडा खाली जाताना बघते तशी मी ती बघत होते.

मग अंगरूपचं फावडं आत निसटलं. खाली पोकळी होती. नाल्याच्या वरचं बर्फाचं छत त्या वजनानं फुटून इंद्रजित आत पडला होता, आणि फुटलेला एक मोठा तुकडा त्याच्यावर आडवा अडकून बसला होता. त्याखाली हवा राहिली होती.

मी हात घातला. कॉलर लागली. मान. मानेच्या बाजूला बोटं दाबली.

"आहे," मी म्हणाले. "आहे, आहे, आहे."

त्याला वर काढला तेव्हा त्याचे ओठ निळसर होते आणि कमरेपर्यंत कपडे भिजलेले. पण छाती हलत होती. मी त्याचं तोंड साफ केलं, मान सरळ धरली. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं नाही, खाली त्या खड्ड्याकडं पाहिलं.

"आत," तो म्हणाला. दात वाजत होते. "आत आहे."

"बोलू नको."

अंगरूपनं सवयीनं त्याच्या छातीला बांधलेल्या यंत्राची दोरी पकडली. सापडलेल्या माणसाचं बीकन आधी बंद करायचं, म्हणजे दुसऱ्याच्या शोधात घोळ होत नाही. त्यानं यंत्र अंगाखालून ओढलं आणि तो तसाच राहिला, दोरी हातात धरून. मग त्यानं ती काच माझ्याकडं वळवली.

इंद्रजितनं कळ फिरवलीच नव्हती. त्याचं यंत्र ऐकण्यावर होतं. सुरुवातीपासून. त्यात बाण होता, आणि तो खाली दाखवत होता.

माझ्या हातातलं यंत्र अजून वाजत होतं. तसंच, त्याच तालात.

आम्ही तिघांनी त्या खड्ड्यात पाहिलं. फुटलेल्या तुकड्याआड नुसता काळोख आणि पाण्याचा आवाज. वर डाव्या कोपऱ्यातून एक गोळा सुटला आणि रेघ काढत आमच्या शेजारून निघून गेला.

अंगरूप इंद्रजितकडं पाहत होता. मीही. आम्हाला वाटलं तो पुन्हा म्हणेल, थांबा. इंद्रजितनं खड्ड्यावरून नजर काढली.

"चला," तो म्हणाला. "इथं थांबायचं नाही."

अंगरूपनं सळई तिथंच उभी रोवली, तिच्या टोकाला आपला लाल रुमाल बांधला. मग आम्ही इंद्रजितला मधे घेऊन खडकाकडं निघालो. पाठीमागं खालचं ते यंत्र बोलतच होतं. लांब जाईपर्यंत मी माझं यंत्र ऐकण्यावरच ठेवलं. का, ते मला सांगता येणार नाही. मग आवाज विरला, तेव्हा कळ फिरवली. राहिलेला तुकडा दुपारी खाली आला. खालच्या वळणावरून आम्ही तो ऐकला.

खाली केलांग गावाच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी इंद्रजित उठून बसला, सूप प्यायला. मी ते भांडं बाजूला ठेवत होते तेव्हा तो म्हणाला, "आक्का, आत अगदी काळोख होता. स्वतःचा हात दिसत नव्हता. फक्त तोंडासमोर, एवढ्यावर, एक लाल ठिपका लागायचा आणि विझायचा. तिच्या छातीवरचा."

"तिच्या?"

"लागला की कान दिसायचा. कानात बारीक चांदीची कडी होती. विझला की काही नाही. पुन्हा लागला की पुन्हा कान." तो भिंतीकडं बघत होता. "चेहरा बर्फात होता. नुसता कान माझ्याकडं. मी तिला म्हणत होतो, ऐक, ते येतील. मूर्खासारखं. मराठीत बोलत होतो."

पुढं जूनमध्ये बर्फ उतरल्यावर ती मिळाली. वंदिता थपलियाल, देहरादूनची. स्कीवरून एकटीच खिंडीच्या पलीकडून आली होती, म्हणून या बाजूच्या खोऱ्यात कुणाला पत्ताच नव्हता. महिनाभर फोन लागणार नाही असं घरी सांगून निघालेली, त्यामुळं तिकडंही कुणी शोधायला लागलं नव्हतं. अंगरूपनं फोन करून कळवलं. इंद्रजितनं त्याच आठवड्यात रजा टाकली. मी सोबत गेले.

तिचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झालेले. उंच, वाकलेले. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा केला, स्वतःच्या हातानं. तिच्याबद्दल बोलले. लहानपणी अंधाराला फार भ्यायची, म्हणाले, मोठी झाली तरी बाथरूमचा दिवा लावून झोपायची, आणि पहाडात मात्र एकटी जायची, ते त्यांना कधी उलगडलं नाही. आम्ही ऐकत होतो. इंद्रजितनं कप हातात धरला होता, प्यायला नव्हता.

निघताना दारापर्यंत आले आणि तिथं त्यांनी त्याचा हात धरला. धरूनच ठेवला. तिच्याजवळ गेलेला, तिच्या शेजारी पडलेला हा एकच माणूस होता.

"बेटा," ते अखेर म्हणाले, "तू आत होतास. तिथं... अगदी अंधार होता का?"

इंद्रजितनं त्यांच्याकडं पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "उजेड होता. तिच्याजवळच होता."